मिस्त्रीची दोरी

मिस्त्री चुना जिभेवर ठेवून बघायचा. खड्ड्यात सहा-सहा महिने मुरवलेला चुना बोटावर घ्यायचा, जिभेच्या टोकाला लावायचा, डोळे मिटून थोडा वेळ थांबायचा आणि थुंकायचा. जीभ चुरचुरली तर चुना कच्चा. मग आणखी महिनाभर कोणी त्या खड्ड्याला हात लावायचा नाही. त्याचे ओठ कायम फाटलेले असत आणि कडेला पांढरी रेघ. नवीन आलेल्या बायांना वाटायचं या माणसाला काहीतरी रोग आहे. मलाही वाटलं होतं.

आमचं गाव आगाशीच्या पुढे, समुद्राला लागून. गावाच्या टोकाला वाळूवर एक एकटा बुरूज होता. किल्ला नाही, तट नाही, नुसता बुरूज, अर्ध्या माडाएवढा उंच. कोणी म्हणायचं पोर्तुगीजांनी बांधला, कोणी म्हणायचं पेशव्यांच्या माणसांनी. समुद्रातून कोण येतंय ते बघायला जुन्या काळी वर माणूस बसायचा, एवढं सगळ्यांना माहीत होतं. मिस्त्रीला विचारलं तर म्हणायचा, "कोनी बांधला ते मला काय ठाऊक. ज्यानं बांधला त्याला सांधा भरता यायचा."

बुरूज सरकारचा होता. त्याच्या डागडुजीला सरकारने एक गवंडी आणि तीन रोजंदारीच्या बाया ठेवल्या होत्या. गवंडी म्हणजे मिस्त्री. नव्वदच्या आसपास मी त्या बायांमध्ये लागले. झाडायचं, गवत काढायचं, चुना कुटायचा. माझा नवरा बैलगाडी हाकायचा आणि गाडीला काम कमी झालं होतं, म्हणून मी लागले. बुरुजाचं मला काही नव्हतं.

मिस्त्री म्हणजे खाकी अर्धी पँट, बनियन, गळ्यात काळ्या दोऱ्यातला क्रूस, डोक्याला टॉवेल. बायको गेलेली, मुलगी लग्न होऊन माणिकपूरला. दर रविवारी देवळात जायचा, पण मागे भिंतीला टेकून उभा राहायचा आणि प्रवचन चालू असताना नखाने भिंत खरवडून बघायचा. एकदा फादरनी सगळ्यांसमोर सांगितलं, "भिंतीला सोडा आता, ती पाप करत नाही." लोक हसले. मिस्त्री म्हणाला, "फादर, गिलावा ढिला आहे, पुढल्या पावसात तुमच्या डोक्यावर येईल." पुढल्या पावसात नाही आला, त्याच्या पुढच्या पावसात आला. फादर तिथे नव्हते म्हणून बरं.

चुन्यात गूळ घालायचा असतो आणि हिरड्याचं पाणी. गूळ सरकारकडून यायचा. आम्ही बाया तो खायचो. सकाळी भाकरी खाऊन आलेल्या बायांना अकरा वाजता भूक लागते, समोर गूळ असतो, कोण सोडेल. मिस्त्रीने दोन-चार दिवस बघितलं आणि मग गूळ आला की लगेच हिरड्याच्या पाण्यात बुडवून ठेवायला लागला. कडू जहर. माझ्या सोबतिणीने तरीही एक खडा तोंडात टाकला आणि थू थू करत पाण्याकडे धावली.

"काय गं, गोड लागला?" मिस्त्री म्हणाला.

"तुमच्यासारखा लागला," ती म्हणाली.

त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला हसताना बघितलं. दात चांगले होते. एवढा चुना खाऊन दात चांगले कसे, हे मला कधी कळलं नाही.

दगडांच्या सांध्यात पिंपळाची रोपं यायची. पक्षी घाण करतात, त्यातून बी पडतं. ती काढायचं काम माझं. पहिल्या दिवशी मी एक रोप धरलं आणि जोर लावून उपटलं. रोप आलं आणि त्याच्याबरोबर मुठीएवढा चुना आला. मिस्त्री परांचीवरून खाली उतरला. परांची म्हणजे बांबूचा माळा. मी काढलेलं भोक दाखवलं, माझा हात धरला आणि बोट त्या भोकात घातलं. आत गार होतं आणि ओल होती. "आता ह्यातून पानी जाईल," म्हणाला, "तुझ्या नातवांपर्यंत जात राहील." मग शिकवलं. रोप आधी बुडाशी कापायचं, मूळ आत वाळू द्यायचं, महिन्याने कोरून काढायचं, त्याच दिवशी चुना भरायचा. उपटायचं नाही. पुढली पंधरा वर्षं मी एकही रोप उपटलं नाही. घरच्या कुंडीतली तुळससुद्धा मी कापून काढते.

एकदा नालासोपाऱ्याकडची एक जोडी आली आणि दगडावर खिळ्याने नावं कोरत बसली. मिस्त्रीने त्यांना ओरडून हाकललं नाही. पोराच्या हातात चुन्याचं घमेलं दिलं, पोरीच्या हातात पाण्याचा डबा, आणि दोघांना उन्हात उभं करून त्यांचीच नावं चुन्याने भरून काढली. तासभर लागला. पोरगी रडायला आली होती.

"लग्न झालं का पाव्हने?" मिस्त्रीने विचारलं.

"नाय अजून," पोरगा म्हणाला.

"झालं की या. तेव्हा मी चुना काढून देतो. नाव दिसेल."

ते कधी आले नाहीत.

एका वर्षी वरून सिमेंटच्या गोण्या आल्या. चुन्याला वेळ लागतो, सिमेंट एका दिवसात होतं, असं कोणीतरी वर ठरवलं असावं. मिस्त्री दोन दिवस त्या गोण्यांकडे बघत बसला. म्हणाला, दगड भिजतो, त्याला सुकायला वाट लागते. सिमेंटने वाट बंद केली की आतलं खारं पाणी दगडालाच फोडतं. तिसऱ्या दिवशी त्याने गावाकडच्या सुरूच्या झाडांमागे आम्हा बायांसाठी संडास बांधला. सगळ्या गोण्या त्यात घातल्या. तोवर आम्ही झाडीत जायचो. कोणी विचारलं की सांगायचा, "सिमेंट आलं होतं, लावलं." खोटं नव्हतं. तो संडास आजही उभा आहे. बुरूज नाही.

आता दोरीचं सांगते.

नारळी पौर्णिमेनंतर दुसऱ्या दिवशी उधाण मोठं असतं. पाणी जिथवर चढतं तिथे वाळूवर केराची रेघ राहते. शेवाळ, काड्या, तुटक्या चपला, पिशव्या. त्या दिवशी मिस्त्री काथ्याची एक दोरी आणायचा. बुरुजाच्या खालच्या थरातला एक दगड जरा बाहेर आलेला होता, त्याला फास टाकायचा आणि दोरी समुद्राकडे ताणत त्या रेघेपर्यंत जायचा. जास्त झालेली दोरी कोयत्याने कापायचा. उरलेली गुंडाळून पुढच्या वर्षासाठी ठेवायचा. कापलेला तुकडा आमच्या अवजारांच्या खोपीत खिळ्याला टांगायचा. दर वर्षी एक खिळा, एक तुकडा.

मी लागले तेव्हा पाच-सहा तुकडे होते. बोटाएवढे, वितीएवढे. मला वाटलं, म्हातारं झालं की माणसं अशी काहीतरी करतात. मी विचारलं, "मिस्त्री, आनि एखाद्या वर्षी पानी मागे गेलं तर? कापलेली दोरी कुठून आनाल?"

"गाठ मारीन," म्हणाला.

एका वर्षी खरंच पाणी मागे राहिलं. वाळू भरून आली होती. मिस्त्रीने खिळ्यावरचा एक तुकडा काढला, दोरीला गाठ मारून जोडला, दोनदा ओढून बघितलं. दुसऱ्या दिवशी मुलीकडून वडे करून घेऊन आला आणि आम्हाला खाऊ घातले. त्याची मुलगी म्हणाली, बाबा असे खूश तिच्या लग्नातही नव्हते. ती एकच गाठ. तो जोडलेला भाग पुढच्या वर्षी गेला, आणि त्याच्या खालचाही.

मग तुकडे लांब व्हायला लागले. हातभर. वाव-वाव, म्हणजे दोन्ही हात पसरले की होतात तेवढे. पूर्वी दोरी समुद्राकडच्या तिसऱ्या सुरूपर्यंत जायची, मग दुसऱ्या, मग सुरूच पडले. वादळं नको त्या महिन्यात यायला लागली. ज्येष्ठातच पाणी श्रावणासारखं चढायचं. होड्या ओढून ठेवायची जागा लोकांनी दोनदा मागे सरकवली. गावासमोर काळ्या दगडांचा बंधारा झाला, पण तो बुरुजाच्या पन्नास-साठ पावलं अलीकडेच संपला. बंधारा संपतो तिथे लाट वळते आणि शेजारची जमीन जास्त खाते. हे कोणी शिकलेल्याने सांगायला नको, दिसतं.

मुंबईहून एकदा एक प्राध्यापक आणि त्यांच्या दोन विद्यार्थिनी यंत्र घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, सगळीकडेच समुद्र वाढतोय, जग तापतंय, बर्फ वितळतोय, वादळांचा जोर वाढतोय. मिस्त्रीने त्यांना खोपीत नेलं आणि खिळे दाखवले. एक मुलगी पुढे झाली. मग एकेका तुकड्याचा फोटो काढला आणि विचारलं, कुठला कुठल्या वर्षाचा. लिहिलेलं काही नव्हतं, पण मिस्त्रीने न अडखळता सगळे सांगितले. कोयता बोथट होता ते वर्ष, नवा घेतला ते वर्ष, कापाच्या टोकावरून.

शेवटी त्याने विचारलं, "तो बर्फ परत गोठवता येईल?"

"नाही हो बाबा," ती म्हणाली.

"मग बंधाऱ्याचं सांगा कोनाला तरी."

बंधारा पन्नास-साठ पावलं पुढे न्या, बुरुजाला वळसा घाला, एवढंच त्याचं मागणं होतं. त्याला सहीपुरतं लिहिता यायचं. मी चौथी शिकलेली, म्हणून अर्ज मी लिहायचे. तो सांगायचा, "लिही, साहेब, दोरी आखूड झाली." मी म्हणायचे, असं लिहिलं तर साहेबाला काय कळणार. मी माझ्या मनाने लिहायचे. असे किती अर्ज लिहिले, लक्षात नाही. माणिकपूरच्या कचेरीत जाऊन तो स्वतः देऊन यायचा. पोस्टावर विश्वास नव्हता.

"बुरूज माझ्या आधी पडायचा नाय," असं तो म्हणायचा. एखाद्याला असतं की पोराच्या आधी आपण जावं, तसं त्याचं होतं. मला ते वेडेपण वाटायचं. दगड-मातीचं काय एवढं.

आता माझा भाग येतो.

त्या वर्षांत विरार-नालासोपाऱ्याकडे इमारतींवर इमारती उठत होत्या. रेतीला गिऱ्हाईक होतं. आमच्या गावातल्या बैलगाड्यांना भाताचं काम उरलं नव्हतं, त्या रेतीला लागल्या. पहाटे ओहोटी असली की गाड्या किनाऱ्यावर उतरायच्या. बुरुजाच्या पायाजवळची रेती सगळ्यात चांगली, जाड आणि स्वच्छ, त्यात शिंपला कमी. म्हणून सगळे तिथेच यायचे. माझा नवराही. विकायची ती विकली आणि आम्ही कुडाचं घर मोडून विटांचं बांधत होतो, त्यालाही तीच घातली. सगळं गाव नेत होतं. हे मी सुटका म्हणून सांगत नाही, होतं तसं सांगते.

मिस्त्री पहाटे येऊन बुरुजाच्या पायाशी पडलेल्या खड्ड्यात गोणपाट घालून बसायला लागला. गाड्या आल्या की उठायचा नाही. माझा नवरा त्याला म्हणाला, "मिस्त्री, बुरूज सरकारचा, रेती देवाची. मधे तुम्ही कोन?"

"मी सांधेवाला," मिस्त्री म्हणाला.

"मग वर जाऊन सांधे बघा. खाली सांधे नायत."

बाकीचे गाडीवाले हसले. माझ्या नवऱ्याने गाडी वळवली आणि बुरुजाच्या दुसऱ्या बाजूने भरली. एका माणसाला बुरुजाच्या दोन्ही बाजूंना बसता येत नाही. मी तिथेच होते, खराटा हातात घेऊन. मी झाडत राहिले.

कुठला तरी अर्ज लागला आणि एक साहेब आला. माणूस बरा होता. बूट काढून वाळूत उतरला, पायाखालचा खड्डा बघितला, वाकून खालचा थर बघितला. खालच्या थराखाली हात जात होता. साहेबाने मनगटापर्यंत हात घातला आणि काढला.

"बंधारा पुढे नेता येईल," तो म्हणाला, "मी तसं लिहितो. पण खालून रेती जात राहिली तर बंधाराही बसेल. वरचे मला पहिलं तेच विचारतील. रेती कोण नेतं त्यांची नावं द्या, मी तहसीलदारांकडे तक्रार लावतो. उपसा थांबला की कागद पुढे जाईल. नावं नसतील तर मी काय लिहू?"

मिस्त्रीने नावं सांगितली नाहीत. का, ते मला तेव्हा कळलं नाही. तो म्हणाला, "ही बाय रोज पहाटे झाडायला येते. तिला इचारा. ती सांगेल."

साहेब माझ्याकडे वळला. वाळूत चाकांच्या चाकोऱ्या ताज्या होत्या. बैलांचे खूर उमटलेले होते. आमच्या एका बैलाचा मागचा खूर फाकलेला होता, त्याचा ठसा साहेबाने काढून ठेवलेल्या बुटांशेजारीच होता.

"कोण नेतं, मावशी?"

"मी कोनाला बघितलं नाय," मी म्हणाले.

"मग या चाकोऱ्या?"

"सुक्या मासळीच्या गाड्या असतील."

साहेबाने मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्री खाली बघत होता, त्या फाकलेल्या खुराकडे. साहेबाने वहीत दोन ओळी लिहिल्या, वाळू झटकून बूट घातले आणि गेला. आमच्या घराच्या भिंती तेव्हा खिडकीपर्यंत आल्या होत्या.

बंधारा पुढे आला नाही. साहेबाचीही कुठे बदली झाली.

मिस्त्री मला त्याबद्दल काही बोलला नाही. त्या दिवशी दुपारी आम्ही चुना कुटला. तो नेहमीसारखा जिभेवर ठेवून बघत होता. संध्याकाळी म्हणाला, "उद्या उत्तरेकडचा पिंपळ कोरायचा आहे, छिन्नी घेऊन ये." मी घेऊन आले. पंधरा वर्षांत तो मला वाईट बोलला नाही आणि चांगलंही बोलला नाही. मला वाटलं, त्याला कळलं नाही. म्हातारा आहे, नजर कमी झाली. असं समजणं सोपं होतं.

पुढे गाड्यांच्या जागी टेंपो आले. घर पूर्ण झालं. नवरा गेला. बैल विकले. मुलगा वालीवला कारखान्यात लागला. मिस्त्रीची नोकरी कधीच संपली होती, पण तो येतच होता. मग परांचीवरून पडला आणि कंबर गेली. मुलगी त्याला माणिकपूरला घेऊन गेली. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. ती मला सांगत होती, घरात पाऊल टाकल्यावर बाबांनी सगळ्यात आधी भिंतीला नख लावलं, बोट चाटलं आणि म्हणाले, दर्याची रेती. खाट भिंतीपासून हातभर लांब ठेवायला लावली. जाताना दोरी मला देऊन गेला होता. "उधानाच्या दिवशी ताण. कापलेला तुकडा मला आनून दे." मी दोन वर्षं दिले. एसटीने आगाशी, मग स्टेशन, मग रिक्षा. तुकडा हातात घेऊन तो मापायचा, नाकाला लावायचा आणि उशीखाली ठेवायचा. चहा घ्यायला सांगायचा. मी घ्यायचे आणि यायचे.

शेवटी दोरी माझ्या हाताच्या लांबीएवढी राहिली. त्या वर्षी मृग लागायच्या आधीच उधाण आलं. सकाळी झाडायला गेले तर बुरूज आडवा पडला होता. समुद्राकडे तोंड करून, अख्खा. मोठं जनावर बसावं तसा. लाटा त्याच्यावरून जात होत्या. दहा-बारा माणसं उभी राहून बघत होती. त्यातले निम्मे रेती नेणारे होते. मी पाण्यात उतरले आणि हात लावून बघितलं. पडलेल्या बुरुजाचा एक सांधा सुटलेला नव्हता. आम्ही भरलेला चुना जागच्या जागी होता. वरचं सगळं शाबूत. तळाला मात्र नुसतं पाणी.

आठ दिवसांनी मी माणिकपूरला गेले. मुलीने दार उघडलं आणि मला जिन्यातच थांबवलं.

"मावशी, प्लीज, बाबांना सांगू नका. डॉक्टर म्हणाले थोडेच दिवस आहेत. मी सांगितलंय सगळं ठीक आहे. फादरनीपण तेच सांगितलं."

"फादरनी खोटं सांगितलं?"

"त्यांच्या समाधानासाठी हो. एवढ्या वर्षांचं त्यांचं एकच आहे. तुम्हीपण तेच सांगा."

मी हो म्हणाले नाही आणि नाही म्हणाले नाही. आत गेले. मिस्त्री खाटेवर कुशीवर होता, काडीसारखा झालेला. ओठ बरे झाले होते. चुना सुटला म्हणून असेल. ओठ नीट झालेला मिस्त्री मला अनोळखी वाटला.

"बाय, आली? पौर्निमेला वेळ आहे अजून," तो म्हणाला. "आत्ता कशाला आली?"

मुलगी माझ्यामागे उभी होती. मला समाधान द्यायला येत नाही. आणि त्याला मी एकदा खोटं सांगितलं होतं, तेवढं पुरे होतं.

"मिस्त्री, बुरूज पडला," मी म्हणाले.

मुलीने तोंडावर हात ठेवला. मिस्त्री कुशीवरून उताणा वळला.

"फुटला, का आडवा झाला?"

"आडवा झाला. अख्खा."

"सांधे?"

"एक पन सुटला नाय. मी पान्यात जाऊन बघितलं."

"उत्तरेकडचा? पिंपळाचा?"

"तोपन धरून आहे."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "म्हंजे खालून गेला."

"खालून गेला. रेती गेली म्हनून गेला. साहेबाला मी खोटं सांगितलं होतं."

"फाकलेला खूर गावात एकाच बैलाचा व्हता," मिस्त्री म्हणाला.

"मग तेव्हाच का नाय बोललात?"

"तू बोलशील असं वाटलं. अर्ज तूच लिहिलेले ना."

मुलगी रागाने माझ्याकडे बघत होती आणि तिचा राग बरोबर होता.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "घराच्या भिंतीला मीठ फुटतं का?"

"फुटतं. पावसाळ्यात पांढरं होतं. गिलावा गळतो."

"गळनारच. चुना लावून उपयोग नाय." हे त्याने मिस्त्री बोलतो तसं सांगितलं, एखादं काम सांगावं तसं. "दोरी आहे का तुझ्याकडं?"

"हातभर उरली आहे."

"ती टाकून दे. नवीन घे, लांब. आता तुझ्या खिडकीला बांध."

तो एवढंच बोलला आणि भिंतीकडे पाठ केली. अकरा दिवसांनी गेला. मुलीने मला कळवलं नाही. गावात कोणाकडून तरी समजलं, तोवर माती झाली होती. उशीखालचे तुकडे तिने काय केले, मी विचारलं नाही.

बुरूज होता तेव्हा लाट आधी त्याच्यावर फुटायची. आता ती आडवी येते, बंधाऱ्याच्या टोकाला वळसा घालून, गावाच्या त्या बाजूने. त्या बाजूला पहिलं घर आमचंच. त्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी मी आगाशीच्या बाजारातून काथ्याची दोरी आणली. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी खिडकीच्या गजाला फास टाकला आणि ताणत खाली गेले. सून दारात उभी होती. म्हणाली, "आई, हे काय करताय? लोक बघतायत."

मी केराची रेघ शोधली, दोरी कापली. उरलेली गुंडाळून ठेवली. दुसऱ्या वर्षी पुन्हा ताणली आणि कापली. भिंतीत खिळा ठोकायला गेले तर तो मिठाने ओल्या गिलाव्यात सहज गेला, हातोडी लागलीच नाही. तुकडा टांगला. हातभर होता.